बाहुलीदवाखान्याची चोरी

१

आमच्या घरातली चोरी सोमवारी दुपारी उघडकीला आली. कुलूप शाबूत होतं, खिडक्या शाबूत होत्या. कपाट तर किल्ली हरवल्यापासून आम्हालाच उघडत नाही, चोराला कुठून उघडणार. चोरीला गेला होता तो एक अख्खा दवाखाना.

दवाखाना बायकोचा, आणि तो बाहुल्यांचा. शाळेत मुलींना शिवण शिकवून ती निवृत्त झाली आणि मागच्या खोलीत मशीन मांडून बसली. डोळा पडलेलं अस्वल, कापूस बाहेर आलेला ससा, मान मोडलेली बाहुली, सगळ्यांवर इलाज. शेजारपाजारची खेळणी तिने फुकट बरी केली, तेव्हा सगळे म्हणाले, याची वेबसाइट काढा, गावोगावचे पेशंट येतील. वेबसाइट निघाली. ‘बाहुलीदवाखाना’ असं नाव, त्याच्यापुढे टिंब आणि टिंबापुढे शेपूट. कार्डंही छापली.

त्यानंतर एकही पेशंट आला नाही. कित्येक महिने ती रोज सकाळी कॉम्प्युटर लावायची, वेबसाइट उघडायची, निरोपांचा रकाना बघायची आणि बंद करायची. शेवटी माझी बहीण म्हणाली, “मशीन पडूनच आहे, तर मला तरी दे.” आणि बायको म्हणाली, “रविवारी टेम्पो घेऊन या, वन्सं.” भूक असताना माणूस ‘नको, पोट भरलंय’ म्हणतो ना, त्या आवाजात. मी विनोदी लिहून पोट भरलेला माणूस, पण त्या दिवशी मला एकही विनोद सुचला नाही.

अशातच सोमवारी तिच्या जुन्या मैत्रिणीचा फोन आला. पर्स आवरताना कार्ड सापडलं, म्हणून तिने सहज वेबसाइट उघडून पाहिली होती.

“अगं, कधी उघडतेयस दवाखाना?”

“उघडतेयस काय? केव्हाच उघडलाय!”

“इथे तर ‘लवकरच येत आहोत’ असं लिहिलंय. आणि पिवळी टोपी घातलेला एक माणूस खड्डा खणतोय.”

बायको धावत कॉम्प्युटरपाशी गेली. नाव टाकलं. दवाखाना जागच्या जागी. निळ्या पानावर पट्टी बांधलेला ससा हसतोय. “चष्म्याचा नंबर तपासून घे,” असं मैत्रिणीला सांगून तिने फोन ठेवला.

विहीणबाई समोर चहा पीत होत्या. त्यांच्या घराला रंग लागत होता म्हणून त्या आमच्याकडे राहायला आल्या होत्या, आणि रंगारी रोज नवीन कारण सांगत असल्यामुळे राहिल्या होत्या. त्यांनी स्वतःचा मोबाइल काढला, तेच नाव टाकलं आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

पिवळी टोपी. माणूस खड्डा खणत होता.

“व्याहीबुवा,” विहीणबाई म्हणाल्या, “एका खोलीत, एकाच नावाचे दोन दवाखाने. यातला एक बनावट आहे. कुठला, एवढंच शोधायचंय.”

२

विहीणबाईंची नोकरी विमा कंपनीतली. लोकांनी केलेले दावे खरे की खोटे, ते तपासणं हे काम. निवृत्त झाल्या, पण सवय काही निवृत्त झाली नाही. मी शिंकलो तरी त्या विचारतात, “आधी कुठे होतात?”

“तुम्हाला कॉम्प्युटरमधलं काय कळतं?” मी विचारलं. अतिथीला असं विचारू नये, पण आठवडाभर त्या माझ्या खुर्चीत बसत होत्या.

“काही नाही. गाड्यांच्या अपघाताचे दावे तपासले तेव्हा मला गाडी तरी कुठे चालवता येत होती? यंत्राचं यंत्र बघून घेईल. मी माणसांना विचारते.”

विचारण्यासारखी माणसं तीन होती. आमच्या घराण्यात कुठलंही काम तिघांपेक्षा कमी जण करत नाहीत, म्हणजे दोष वाटून घेता येतो. नाव विकत घेतलं जावयाने. पानं तयार केली भाच्याने. आणि आमच्या कॉम्प्युटरची सगळी जुळवाजुळव केली शेजारच्या टॉवरने. टॉवर म्हणजे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक उंच गृहस्थ. आवाज गल्लीभर पोचतो.

पहिला फोन जावयाला, म्हणजे विहीणबाईंच्या सख्ख्या मुलाला. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

“आई, जेवलीस?”

“ते राहू दे. सासूबाईंच्या वेबसाइटचं तू काय काय केलंस?”

“नाव घेतलं. आता ते नाव जगात फक्त त्यांचं. पानं ठेवायला बाहेर जागाही घेतली आणि नाव त्या जागेला जोडलं. असं जोडलेलं नाव सगळीकडे पोचायला एखाद-दोन दिवस लागतात. ते थांबलो, मग सासूबाईंना फोन करून विचारलं, दिसतंय का. त्या म्हणाल्या, दिसतंय.”

“आणि त्या जागेवर पानं कोणी नेऊन ठेवली?”

“भाच्याने. पानं त्याच्याकडे होती.”

“तू स्वतः पाहिलंस कधी?”

“म्हणजे काय! बघतो की. परवाच पाहिलं. फार छान झालंय.”

“काय छान झालंय?”

“म्हणजे... एकूणच.”

“पानाचा रंग कुठला?”

“आई, मीटिंग सुरू होतेय,” जावई म्हणाला आणि फोन बंद झाला.

विहीणबाईंनी बशीतलं एक बिस्कीट उचलून बाजूला ठेवलं. “एक झाला,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे जावईच चोर?” मी घाबरून विचारलं. चोर म्हणून नव्हे. मुलीला हे कोण सांगणार म्हणून.

“तसं मी कुठे म्हटलं?” त्या म्हणाल्या आणि बाजूला काढलेलं बिस्कीट खाऊन टाकलं.

३

भाचा बुधवारी आला. येतानाच कपाळाला आठ्या. त्याला यायला मी सांगितलं होतं, आणि कारण सांगितलं नव्हतं.

“मामी, परत प्रिंटर बिघडला का?”

“बस,” विहीणबाई म्हणाल्या. “तुझ्या आईला मशीन हवंय म्हणे.”

तो चपापला. “आईला पडदे शिवायचेत. त्याचा इथे काय संबंध?”

“दवाखाना चालला नाही तर मशीन मोकळं होतं. दवाखान्याची पानं तू केलीस. संबंध मी जोडत नाहीये, आपोआप जुळतोय.”

“अहो, काहीतरीच काय!” भाचा उठून उभा राहिला. “रात्रंदिवस बसून पानं केली मी! मामीच्या कॉम्प्युटरवर ठेवून दिली, तिला आधी घरातल्या घरात तालीम करता यावी म्हणून. फोटो कसे चढवायचे, मजकूर कसा बदलायचा, सगळं शिकवलं. नाव मिळाल्यावर पानं बाहेर न्यायचं काम जावईबापूंचं. त्यांनी नेलीच असणार. कारण मी फोन करून मामीला विचारलं, खऱ्या नावावर दिसतंय का. ती म्हणाली, दिसतंय.”

“तू पाहिलंस?”

“बघतो अधूनमधून. मस्त चाललंय.”

“चाललंय?” इतका वेळ गप्प असलेली बायको एकदम म्हणाली. “काय चाललंय? इकडे ये, तुला दाखवते.”

तिने त्याला कॉम्प्युटरपाशी नेलं. पानाच्या तळाशी एक छोटा आकडा होता. किती वेळा पान उघडलं गेलं, ते मोजणारा. आकडा चांगला गलेलठ्ठ झाला होता.

“इतके लोक येतात. येतात, बघतात आणि निघून जातात. एक जण म्हणून थांबत नाही. एकाला असं वाटत नाही, की या बाईला दोन शब्द लिहावेत.” तिने आकड्यावर बोट ठेवलं. “माझ्या टाक्यांमध्येच काहीतरी खोट असणार.”

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. असं काही ऐकल्यावर आमच्या घरातले पुरुष आळीपाळीने छताकडे बघतात.

“लोक रोज येतात?” विहीणबाईंनी हळूच विचारलं.

“रोज. फक्त मी लेकीकडे राहायला गेले होते ना, तुमच्याच घरी, तो आठवडाभर कोणी आलं नाही. परत आले त्या दिवसापासून पुन्हा सुरू.” बायकोने नाक पुसलं. “मी घरी नाही ते लोकांना कसं कळतं कोण जाणे.”

विहीणबाईंनी त्या आकड्याकडे असं पाहिलं, जसं त्या माझ्या शिंकेकडे बघतात.

“लोकांना नाही कळत,” त्या म्हणाल्या. “पण ज्याला कळतं तो या खोलीत आहे.”

खोलीत मी, भाचा आणि बायको होतो. मला उगाचच अपराधी वाटायला लागलं.

४

टॉवरला बोलवावं लागत नाही. त्याच संध्याकाळी तो आपण होऊन आला.

“मुख्यालय बरं आहे ना?” त्याने दारातूनच विचारलं.

मुख्यालय म्हणजे आमचा कॉम्प्युटर. टॉवरला घरातल्या प्रत्येक यंत्राचं बारसं करायची हौस. त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरचं नाव उपग्रह. आमच्या प्रिंटरचं नाव बंडखोर, ते मात्र अगदी योग्य आहे.

“हे नावाचं मला जरा समजावून सांगा,” विहीणबाईंनी त्याला चहा दिला. टॉवरला कोणी समजावून सांगा म्हणालं, की त्याची उंची आणखी वाढते.

“सोपं आहे. यंत्राला नावं कळत नाहीत, आकडे कळतात. तुम्ही नाव टाकलंत, की ते चौकशी करतं, या नावाचा आकडा काय? आकडा मिळाला, की त्या पत्त्यावर जातं.”

“चौकशी कुठे करतं?”

“बाहेर. नावांची माहिती देणारी यंत्रं असतात.”

“फक्त बाहेर?”

टॉवरने चहाचा घोट घेतला. “साधारणपणे बाहेर,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज गल्लीपर्यंत गेला नाही. मग त्याने घाईघाईने विषय बदलला. “बाहेरचं सांगू नका. रस्ता खणताना त्या लोकांनी केबल तोडली होती, आठवतंय? दिवसभर गल्लीत कोणाचंच इंटरनेट नाही. मी नुसता येरझाऱ्या घालत होतो.”

“आमच्याकडे काही त्रास झाला नाही,” बायको म्हणाली.

“असं कसं? आपल्या दोघांची केबल एकच.”

“अहो, त्याच दिवशी मी सशाच्या कानाचा फोटो चढवला. लगेच दिसला. बाकी काही उघडत नव्हतं, पण दवाखाना कसा पटकन उघडला.”

टॉवरचा कप तोंडापर्यंत जाऊन थांबला. त्याने बायकोकडे पाहिलं, मग मुख्यालयाकडे, मग दाराकडे.

“मला घरी जरा काम आहे,” तो म्हणाला.

“शुक्रवारी संध्याकाळी या,” विहीणबाई म्हणाल्या. “आला नाहीत, तर आम्ही सगळे तुमच्याकडे येऊ.”

५

शुक्रवारी सगळे जमले. जावई प्रवास करून आला होता आणि आईशेजारी न बसता माझ्याशेजारी बसला. भाचा खिडकीत. टॉवर दाराजवळ, म्हणजे पळायला सोपं. बायको मशीनवर कापड झाकून त्याला टेकून उभी होती. तिला हा सगळा खटाटोप नकोसा झाला होता. “रविवारी मशीन जातंय, आता कशाला हे?” असं ती दोनदा म्हणाली.

“तीन साक्षीदार,” विहीणबाईंनी सुरुवात केली. “तिघांनाही मला एकच विचारायचं होतं, वेबसाइट बाहेर लागली हे तुम्हाला कशावरून कळलं? टॉवरसाहेब, तुम्हाला विचारायचं राहिलं.”

“वहिनींना विचारलं होतं,” टॉवर म्हणाला. “त्या म्हणाल्या, दिसतंय.”

“म्हणजे तिघांची साक्ष मिळून एकीचीच. आणि त्यांनी पाहिलं कुठे? नेहमी याच कॉम्प्युटरवर. मोबाइलवर त्यांना अक्षर लागत नाही. व्याहीबुवांच्या मोबाइलला तर बटणं आहेत. आता बघा. गल्लीचं इंटरनेट बंद, तरी दवाखाना उघडा. का? तो बघायला घराबाहेर जावंच लागत नाही. लोक येतात, पण ही बाई गावाला गेली की येत नाहीत. का? येणारे लोक म्हणजे हीच. रोज उघडते, बघते, बंद करते. आकडा मोजतोय तो हिच्याच फेऱ्या.”

बायकोचा हात मशीनवरून खाली आला.

“तेव्हा खरा दवाखाना या पेटीत, आणि बाहेर जगाला दिसतो तो खड्डा,” विहीणबाई म्हणाल्या. “राहिला एकच प्रश्न. खरं नाव टाकल्यावर ही पेटी बाहेर चौकशी न करता स्वतःच्याच पोटात का बघते? याचं उत्तर ‘साधारणपणे’ या शब्दात आहे. टॉवरसाहेब?”

टॉवर उभा राहिला. उभा राहिल्यावर तो फारच उभा दिसतो.

“प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये एक छोटीशी होस्ट फाइल असते,” तो म्हणाला. “बाहेर विचारण्याआधी तो तिच्यात बघतो. एखादं नाव आणि त्याचा आकडा तिथे सापडला, तर तो बाहेर विचारतच नाही. तेव्हा नाव घेतलेलं नव्हतं. पानं तयार होती, पण उघडायला नुसते आकडे टाकावे लागायचे. वहिनी म्हणाल्या, दवाखान्याला पाटी नाही तर मी तालीम करणार नाही. मग मी त्या फाइलमध्ये एक ओळ लिहिली. दवाखान्याचं नाव आणि त्याच्यापुढे एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक.”

“हा कोणाचा आकडा?”

“‘मी स्वतः’ असा अर्थ होतो. नाव मिळालं की ती ओळ काढायची होती. पण वहिनी म्हणाल्या दिसतंय, मला वाटलं दोघांनी मिळून सगळं उरकलं.”

“मला वाटलं भाच्याने पानं नेली,” जावई म्हणाला.

“मला वाटलं तुम्ही नेलीत!” भाचा म्हणाला.

“संपलं!” मी म्हणालो. मला फार हायसं वाटलं होतं. “एक ओळ राहिली. चूक झाली. कोणी चोर नाही.”

“थांबा, व्याहीबुवा. ओळ विसरणं ही चूक. चोरी वेगळी आहे.” विहीणबाई मुलाकडे वळल्या. “परवाच पाहिलंस ना? फार छान झालंय ना, एकूणच? तुझ्या कॉम्प्युटरवर काय दिसलं असतं? पिवळी टोपी. आणि तू रे? अधूनमधून बघतोस? मस्त चाललंय? तुझ्याकडेही खड्डाच दिसला असता. तिघांपैकी एकाने, इतक्या महिन्यांत एकदा, आपल्या घरी बसून हे नाव टाकलं असतं, तर त्याच दिवशी सगळं उघडकीला आलं असतं. अपघात फार छान रंगवून सांगणारा साक्षीदार जागेवर नसतोच, हे मी नोकरीत शिकले. माझ्याच पोराने ते मला पुन्हा शिकवलं.”

जावयाने छताकडे पाहिलं. भाच्यानेही. टॉवरला छत जवळच होतं.

कोणीतरी ओरडावं, रडावं, काहीतरी करावं असं मला वाटत होतं. बायको शांतपणे म्हणाली, “ती ओळ काढा.”

टॉवरने ओळ काढली. बायकोने खुर्ची ओढली आणि स्वतःच्या हाताने नाव टाकलं. निळं पान आलं नाही, ससा आला नाही. ‘लवकरच येत आहोत.’ पिवळी टोपी. जगाला जे दिसत होतं ते पहिल्यांदाच तिला दिसलं.

“म्हणजे,” ती म्हणाली, “मला कोणी नको म्हटलंच नाही.”

६

पानं बाहेर न्यायला काही मिनिटं लागतील असं भाचा म्हणाला होता. त्यात शनिवार गेला. घेतलेल्या जागेचा पासवर्ड जावई विसरला होता. नवीन पासवर्ड मागितला, तर तो बाहुलीदवाखान्याच्याच ईमेलवर गेला, आणि तो ईमेल सुरू करायला तोच पासवर्ड लागत होता. मग जावयाने कंपनीला फोन केला. कंपनीने संगीत ऐकवलं. पुढे एका बाईने त्याला विचारलं, तुम्ही खरोखर तुम्हीच आहात कशावरून? शेजारी त्याची सख्खी आई बसली होती, पण ती साक्ष द्यायला तयार होईना. भाचा आणि जावई एकमेकांच्या हातातून माउस ओढत होते, टॉवर दोघांच्या डोक्यावरून सल्ले देत होता. संध्याकाळी एकदाचा विहीणबाईंच्या मोबाइलवर ससा हसला. मग बायकोने तिघांना आपापल्या मोबाइलवर वेबसाइट उघडायला लावली आणि प्रत्येकाला पानाचा रंग विचारला.

रविवारी सकाळी निरोपांचा रकाना रिकामाच होता. आता तर तो खरोखरचा रिकामा होता, सबब सांगायलाही जागा नाही. बायको तासाभरात दोनदा बघून आली.

तेवढ्यात माझी बहीण टेम्पो घेऊन हजर. सोबत दोन माणसं आणि दोरखंड.

“कुठे आहे मशीन?”

“वन्सं, मशीन देता येणार नाही.”

“म्हणजे? काम आलं का?”

“नाही.”

“मग?”

“मग काही नाही. माझं मशीन आहे, मला लागणार आहे.”

“अगं, टेम्पो दारात उभा आहे! पडद्याचं कापड फाडून ठेवलंय मी!”

“कापड पाठवून द्या. पडदे मी शिवून देईन. मशीन इथेच राहील.”

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. भाऊ म्हणून मी काहीतरी बोलावं अशी तिची अपेक्षा असावी. मी टेम्पोवाल्याला चहा विचारला. बहीण चहा न घेता गेली, आणि जाताना ‘या घरात कोणाच्या बोलण्याला काही अर्थच नाही’ असं म्हणाली. या आठवड्यात ते ऐकण्याची वेळ माझ्यावर बऱ्याचदा आली होती.

बायको मागच्या खोलीत गेली. मशीनवरचं कापड काढलं, तेल घातलं, सुई बदलली. विहीणबाई माझ्या खुर्चीत बसून रंगाऱ्याशी फोनवर भांडत होत्या. दुपारी बायकोने पुन्हा कॉम्प्युटर लावला, आणि तिने मला इतक्या हळू हाक मारली की मी घाबरून धावलो.

एक निरोप होता. कुठल्याशा गावाहून, अनोळखी माणसाचा. नमस्कार नाही, नाव नाही. नुसतं एक वाक्य.

‘तुम्ही हत्ती बघता का?’

बायकोने चष्मा पुसला, पाठ ताठ केली आणि एका बोटाने सावकाश टाइप केलं:

‘बघते. कुठे दुखतंय?’